'टाका आणि विसरा' सांगणाऱ्यांनी एकदा ते विंग्ज खाऊन दाखवावेत

दीड किलो चिकन विंग्ज वाया गेले. कचऱ्यात गेले नाहीत, पण रविवारी रात्री ताटात वाढल्यावर कुणीही दुसऱ्यांदा मागितले नाहीत, आणि आमच्या घरी चिकन उरलेलं मी सोळा वर्षांत पाहिलं नव्हतं. नऊ वर्षांचा भाचा पहिला घास चावत बसला, चावतच बसला, आणि शेवटी म्हणाला, "मामी, याची स्किन तुटतच नाहीये." पोरगं खरं तेच बोललं. माझं डोकं फिरलंय ते त्या रेसिपीवाल्यांवर. "सगळं स्लो कुकरमध्ये टाका आणि विसरून जा, संध्याकाळी झणझणीत विंग्ज तयार!" स्लो कुकर म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं ते विजेचं भांडं. एक नाही, पाच-सहा जणांनी हेच सांगितलंय. यातल्या एकानेही तो विंग स्वतः चावून पाहिला असेल यावर माझा विश्वास नाही.

पुण्यात स्किनसकट विंग्ज मिळवणं म्हणजे काय असतं, ते आधी ऐका. इथे कोंबडी सोलतात ती पिसांसकट, स्किन सरळ ओढून काढतात. स्किन ठेवायची तर पक्षी गरम पाण्यात बुडवून पिसं वेगळी काढावी लागतात, आणि रविवारी सकाळी दुकानासमोर रांग लागलेली असताना ते कोण करणार? शिवाय एका कोंबडीला पंख दोनच. दीड किलोला वीसेक पंख लागतात, म्हणजे दहा कोंबड्या! शुक्रवारीच सांगून ठेवावं लागलं. आमच्या धायरीतल्या चिकनवाल्या भाऊंनी दोनदा विचारलं, "ताई, स्किन नक्की ठेवायची ना? नंतर परत नाही घेणार." त्या माणसाने माझ्या शब्दाखातर एवढा व्याप केला, आणि त्या स्किनचं झालं काय, तर पांढरट, गिळगिळीत, रबरासारखं कातडं.

बारा वाजता भांडं लावलं. आलं-लसूण, काश्मिरी मिरची, सोया सॉस, मध, केचप, सगळं मोजून. झाकण उघडायचं नाही, उघडलं की वीस-तीस मिनिटं वाढतात, हेही पाळलं. चार वाजता उघडलं तर वाटीभर सॉसचं तीन वाट्या पाणी झालेलं, आणि त्यात विंग्ज तरंगतायत. वास तर विचारूच नका, लसणाचा कच्चटपणा तसाच्या तसा.

आणि हे असंच होणार होतं! कुणी केलं तरी असंच होणार. त्या भांड्यातून वाफ बाहेर जातच नाही, झाकणाला लागते आणि परत खाली गळते. चिकनला सुटलेलं पाणी आतच राहतं. 'लो' ठेवा नाहीतर 'हाय', दोन्ही शेवटी उकळीच्या जरा खालीच येऊन थांबतात, फरक फक्त तिथवर पोचायला किती वेळ लागतो याचा. चिकनला खरपूस रंग यायचा तर वरचा भाग कोरडा हवा आणि उष्णता साधारण 140 अंशांच्या पुढे हवी. पाण्यात बसलेला विंग 100 च्या वर जाणारच नाही. चार तास ठेवा की चाळीस तास ठेवा. हे स्वयंपाक शिकवणाऱ्यांना माहीत नसेल तर त्यांनी शिकवू नये, आणि माहीत असून सांगत नसतील तर ते जास्त वाईट.

आमच्या सासूबाई दुपारीच म्हणाल्या होत्या, "अगं, मसाला परतला नाहीस? तेल कुठे सुटलं?" मी म्हटलं, "आई, यात परतायचं नसतं, तसंच लिहिलंय." त्यांचंच बरोबर होतं. आपल्याकडे कुठलाही रस्सा घ्या, कोल्हापुरी घ्या, मालवणी घ्या, आधी कांदा तांबूस, मग वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं, तेव्हा कुठे पाणी. ती पायरी पिढ्यान्‌पिढ्या उगीच चालत आलेली नाही. ती काढून टाकायची आणि वर 'सोपी पद्धत' म्हणून मिरवायचं, याची मला चीड येते.

बफेलो विंग्जचं नाव घेऊन या रेसिपी खपवतात ना, ते विंग्ज न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो शहरातल्या अँकर बारचे, 1964 सालचे. तिथे ते तेलात तळले आणि मग सॉसमध्ये घोळवले. तळले! आणि स्लो कुकर? अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या माणसाने 1940 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते चोलंटवरून, म्हणजे रात्रभर मंद आचेवर शिजणाऱ्या ज्यू लोकांच्या मांस-कडधान्याच्या रश्श्यावरून. एक कुरकुरीत पदार्थ, एक पाणीदार भांडं. या दोघांची गाठ घालायची गरज कुणाला पडली?

भांड्यावर माझा राग नाही. पाया करा त्यात, आठ तास ठेवा, हाडांतला चीक उतरून असा रस्सा होतो की बोटं चिकटतात. आमच्या विंग्जचंही आतलं मांस मऊसूत झालं होतं, हाडावरून नुसतं सुटत होतं. म्हणूनच तर तव्यावर खरपूस करायला गेले तेव्हा चुरा झाला.

मग रात्री अकरा वाजता पुन्हा त्याच रेसिपी वाचल्या, आणि एकीच्या अगदी तळाला, बारीक अक्षरात, सापडलं: 'हवं असल्यास शेवटी ओव्हनमध्ये ग्रिल करा.' हवं असल्यास? त्याशिवाय तो पदार्थच होत नाही! विंग्ज अलगद बाहेर काढायचे, टिपून कोरडे करायचे, ओटीजीत, म्हणजे घरच्या छोट्या ओव्हनमध्ये, वरच्या रॉडखाली 230 वर दहा-बारा मिनिटं, आणि भांड्यातलं पाणी कढईत आटवून त्याचा सॉस. हे पहिल्या ओळीत लिहायला काय जातं? आणि ओटीजी तापवायचाच असेल तर विंग्ज थेट त्यातच 200 ला पाऊण तासात होतात. चार तास कशाला घालवायचे?

'विसरून जा' हे तर धोक्याचंच आहे. हेच लोक राजमाही तसाच टाकायला सांगतात. कच्च्या राजम्यातलं विष मंद आचेवर जात नाही, आधी खळाखळा दहा मिनिटं उकळावाच लागतो, नाहीतर उलट्या होतात. फ्रोझन चिकनही थेट टाका म्हणतात, ते तापेपर्यंत तासन्‌तास कोमट राहतं आणि जंतूंना तेच हवं असतं. आणि लाइट? गुरुवारी भांडं लावून ऑफिसला गेलात, दुपारी दोन तास लाइट गेली, तर बटणांचे कितीतरी कुकर लाइट आल्यावर पुन्हा सुरूच होत नाहीत. संध्याकाळी घरी येऊन ते चिकन पोरांना वाढायचं? यावर एक शब्द कुणी बोलत नाही.

सोमवारी मी उरलेल्या विंग्जची हाडं काढली, स्किन फेकली, कांदा तांबूस परतला, सासूबाईंचा काळा मसाला घातला आणि ते मांस त्यात कोरडं केलं. वीस मिनिटं लागली. भाच्याने दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.