मेडिकल टर्मिनॉलॉजी क्लास: तुमच्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार, तुमचा रिव्ह्यू वाचला. तुम्हाला मनस्ताप झाला त्याबद्दल मनापासून सॉरी. पण "शिकवणाऱ्यालाच एमएस या शॉर्टफॉर्मचा नक्की अर्थ माहीत नाही आणि बरोबर उत्तराचे मार्क कापतात" हे तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत ते फार लागलं, कारण नवीन मुलं रिव्ह्यू बघूनच ॲडमिशन घेतात आणि माझं घर या क्लासवरच चालतं.

प्रश्न काय होता तेही लिहायचं ना. डॉक्टरांच्या नोटमध्ये फक्त "पेशंटला एमएस दिलं" एवढंच होतं, डोस नाही, आजार नाही, पुढेमागे काहीच नाही, आणि तुम्ही मॉर्फिन सल्फेट लिहून मोकळे झालात. अहो, मॅग्नेशियम सल्फेटचाही शॉर्टफॉर्म एमएस होऊ शकतो! एक असह्य दुखण्यावर देतात, दुसरं गरोदरपणात बीपी वाढून झटके येतात तेव्हा, आणि मॉर्फिन नको त्याला गेलं तर श्वास मंदावतो. या गोंधळामुळेच अमेरिकेतल्या जॉइंट कमिशनने (हॉस्पिटलांचा दर्जा तपासणारी संस्था) 2004 मध्ये वापरू नयेत अशा शॉर्टफॉर्मची यादी काढली, तिच्यात एमएस आहे. शिवाय हार्टच्या रिपोर्टमध्ये एमएस म्हणजे मायट्रल स्टेनोसिस (हृदयाची एक झडप अरुंद होणं) आणि न्यूरोलॉजीत मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदू-मज्जारज्जूचा एक आजार), ते वेगळंच. म्हणून अपेक्षित उत्तर होतं "डॉक्टरांना विचारून खात्री करा, अंदाजाने भरू नका". हे लेक्चरमध्ये नीट सांगितलं होतं, तुम्ही त्या दिवशी अर्ध्यातून जॉइन झालात, रेकॉर्डिंग पाठवलं ते अजून उघडलेलं दिसत नाही. दोष देत नाहीये, पण एकच अर्थ पाठ करून घेतला असता तर तुम्ही खूश झाला असतात आणि उद्या कामावर गेल्यावर भलतंच औषध टाइप केलं असतंत, ते मला चालणार नाही.

शेवटी '-साइड' लागणाऱ्या शब्दांचं म्हणाल तर लॅटिन 'कायडेरे'चा अर्थ कापणे हा तुम्ही लिहिलात तो आहेच, इन्सिजन म्हणजे चीर, तो शब्द त्यातूनच आलाय. पण त्याचा मारणे हाही अर्थ आहे, आणि बॅक्टेरिसायडल म्हणजे बॅक्टेरिया मारणारं, नुसती वाढ रोखणारं ते बॅक्टेरिओस्टॅटिक. तिथे अर्धा मार्क दिलाय, पेपर परत बघा.

बाकी लेक्चरचा स्पीड जरा कमी करायचं बघतोय, नोट्समध्येही सुधारणा चालू आहेत. पेपर समोर ठेवून फोन करा, एकेक प्रश्न बघू, आणि पटलं तर निदान ते "माहीत नाही"वालं वाक्य तेवढं काढा, प्लीज.