'पास होण्यापुरता कोर्स': गणितप्रेमी यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

गणितप्रेमी यांस,

'डिफरन्शियल इक्वेशन्सच्या पेपरात समीकरण असतं कुठे?' या माझ्या लेखाखाली तुम्ही भलीमोठी प्रतिक्रिया लिहिलीत. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला हा विषय (मराठीत विकल समीकरणं, म्हणजे एखादी गोष्ट कोणत्या दराने बदलते ते सांगणारी समीकरणं) शिकवताना मुलांना समीकरण मांडायला कुणी सांगत नाही, तयार समीकरणाचा प्रकार ओळखून ते सोडवायला सांगतात, असं मी लेखात म्हटलं होतं, आणि भोक पाडलेल्या कॅनमधलं पाणी उतरताना बघून मुलं ते स्वतः कसं मांडतात तेही सांगितलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: पद्धती पाढ्यांसारख्या आधी पाठच व्हायला हव्यात, अभ्यासक्रम शिक्षक ठरवत नाहीत, लाप्लासचा (ही समीकरणं सोडवायच्या एका पद्धतीचा) लेखात उल्लेखही नाही. पण हे सगळं नंतर. सुरुवात तुम्ही अशी केलीत: "लेखिकेने हा कोर्स पास होण्यापुरताच केलेला दिसतो. टाकी-पाण्याच्या गोष्टी सांगून विकल समीकरणं येत नसतात, बाई."

शीर्षक भडक होतं, हे मान्य. पेपरात समीकरणं असतात, चांगली डझनभर असतात. पुढे बोलू.

तुम्हाला 'सर' म्हणावं असं प्रतिक्रिया वाचताना दोनदा वाटलं, कारण सूर तोच आहे. मागच्या बाकावरच्या पोरीने शंका विचारली की आधी तिला उभं करायचं, मागच्या परीक्षेत किती मिळाले ते सगळ्यांसमोर विचारायचं आणि मग शंकेचं उत्तर न देताच फळ्याकडे वळायचं. असे एक सर मला होते. नाव घेत नाही, तुम्हीही घेतलेलं नाही.

तर पास होण्यापुरता. सोलापूरला स्वतंत्र विद्यापीठ २००४ साली झालं, मी त्याआधीची विद्यार्थिनी. वडील यंत्रमागावर, आई घरी विड्या वळायची. पूर्व भागात आमच्या खोलीखालीच माग होते. रात्रपाळीचा खडखडाट थांबला की उलट मला जाग यायची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, अकरावीत एकदम सगळं इंग्रजी. अशा घरातली पोरगी पास होण्यापुरता कोर्स करत नाही, कारण नुसतं पास होऊन तिचं काहीच होत नाही. त्यासाठी पाठीशी दुकान लागतं, शेत लागतं, निदान काका तरी लागतो. या पेपरात मला ५० पैकी ४७ मिळाले होते. गुणांवरून समज ठरत नाही असं तूच लिहिलंस की, म्हणाल. लिहिलं. पण आरोप तुम्ही गुणांचाच केलात, म्हणून गुण सांगितले.

आता ते ४७ गुण कशाचे होते तेही ऐका, कारण लेखाचा मुद्दा तोच होता आणि तुम्ही तो ओलांडून पुढे गेलात. परीक्षेला हमखास येणारं एक गणित घ्या: डी वर्ग अधिक ४, कंसाबाहेर वाय, बरोबर साइन २एक्स. डी म्हणजे डेरिव्हेटिव्ह घेण्याची खूण. आधी ऑक्झिलरी इक्वेशन, म्हणजे डीचं साधं वर्गसमीकरण, त्यातून सीएफ, म्हणजे उजवी बाजू शून्य धरून निघणारं उत्तर. मग पीआय, म्हणजे उजव्या बाजूमुळे त्यात मिळवायचा भाग. डी वर्गाच्या जागी उणे ४ घातले की खाली शून्य येतं. हा 'केस ऑफ फेल्युअर'. इथे काय करायचं ते वर्गातल्या शेवटच्या मुलालाही पाठ असतं: वर एक्स आणायचा, खालच्याचं एकदा डेरिव्हेटिव्ह घ्यायचं. उत्तर, उणे एक्स भागिले ४, गुणिले कॉस २एक्स. चार ओळी, चार गुण. मी हे झोपेत लिहू शकत होते.

तो एक्स तिथे काय करतोय, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला विचारलं नाही. स्प्रिंगला टांगलेलं वजन स्वतःच्या ज्या गतीने खालीवर होतं, नेमक्या त्याच गतीने तुम्ही त्याला बाहेरून ढकलत राहिलात की प्रत्येक फेरीला झोका थोडा मोठा होतो. घर्षण नसेल तर तो वाढतच जातो. एक्स म्हणजे इथे वेळ. वेळ वाढेल तसा झोका वाढतो, एवढंच तो एक्स सांगत असतो. अनुनाद, रेझोनन्स. फिजिक्सच्या पेपरात हाच शब्द आम्ही वेगळा पाठ करत होतो, मधल्या सुट्टीनंतर, दुसऱ्या वहीत. दोन वह्यांतलं एकच आहे हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. पद्धत येत नव्हती म्हणून उशीर झाला का हो? पद्धत तर तोंडपाठ होती.

वाक्याचा दुसरा भाग, टाकी-पाण्याच्या गोष्टी. सोलापुरात राहून कुणी पाण्याच्या टाकीला हसतं याचंच मला नवल वाटतं. उजनी भरलेलं असो की नसो, आपल्या नळाला पाणी रोज येत नाही. येईल त्या दिवशी सिंटेक्स, पिंप, घागरी, कळशा सगळं भरून ठेवायचं. टाकीत किती उरलंय आणि ते कुठवर पुरेल हा हिशेब इथल्या प्रत्येक घरात चालतो. मुलांना हा प्रश्न आधीच पडलेला असतो, मी फक्त तो फळ्यावर मांडते.

माझ्या क्लासमध्ये आम्ही तेलाचा पाच लिटरचा रिकामा पारदर्शक कॅन घेतो, उभ्या सरळ बाजूंचा. तळाशी तापवलेल्या खिळ्याने भोक पाडायचं, भोकापासून वर मार्करने सारख्या अंतरावर रेघा मारायच्या, मोबाइलवर वेळ लावायची. मुलं आधी अंदाज सांगतात की अर्धी उंची उतरायला अर्धा वेळ लागेल. लागत नाही. भोकातून पाणी किती वेगाने बाहेर पडतं हे वरच्या पाण्याच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरतं. सतराव्या शतकात तोरिचेल्ली या इटालियन शास्त्रज्ञाने हे मांडलं. म्हणून उंची घटण्याचा दर उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात. झालं, हे समीकरण मुलांनी स्वतः लिहिलेलं. सोडवायला तर सोपंच, चलं वेगळी करायची आणि इंटिग्रेट करायचं. उत्तर असं की वरची अर्धी उंची एकूण वेळेच्या साधारण २९ टक्क्यांत उतरते आणि खालच्या अर्ध्याला ७१ टक्के वेळ लागतो. घड्याळही जवळपास तेच दाखवतं. अगदी शेवटी पाणी भोकाशी येऊन थेंबाथेंबाने पडायला लागतं, तिथे हे समीकरण लागू पडत नाही. तेही मुलं वहीत लिहितात.

तुम्ही लिहिलंत की घरच्या नळाला घर्षण असतं, म्हणून वर्गमुळाचा नियम तिथे चालत नाही. बरोबर आहे. लांब बारीक पाइप असेल तर नाहीच चालत. म्हणून तर कॅनला भोक पाडते, पाइप लावत नाही. लेखात कॅन लिहिलं होतं, तुम्ही नळ वाचलात.

आणि या 'गोष्टीत' काय दडलंय ते बघा. एकदा कॅन पुरता रिकामा झाल्यावर एका मुलीने विचारलं, "मॅडम, आता रिकामा दिसालाय, पण कधीपासून रिकामा हाय ते कसं काढायचं ओ?" वर्ग हसला. मी हसले नाही, कारण प्रश्न पिकार्डच्या प्रमेयाचा होता. सुरुवातीची स्थिती दिली की उत्तर एकच निघतं, हे आपण गृहीत धरतो. ते केव्हा धरता येतं याची अट त्या प्रमेयात आहे, आणि वर्गमुळाचं हे समीकरण ती अट नेमकी शून्य उंचीवर मोडतं. म्हणून रिकाम्या कॅनवरून मागे जाता येत नाही. तो दहा मिनिटांपूर्वी रिकामा झाला असेल किंवा काल, दोन्ही उत्तरं समीकरणाला चालतात. आमच्या वेळी या प्रमेयाचं 'स्टेटमेंट लिहा' एवढंच यायचं. मी लिहिलं होतं, ती अट ज्याच्या नावाने ओळखतात त्या लिपशिट्झच्या नावासकट, आणि पूर्ण गुण मिळाले होते. त्या पोरीला प्रमेयाचं नावही माहीत नव्हतं.

आता सांगा, विकल समीकरणं कुणाला आली होती?

पद्धती नकोत असं मी कुठेही म्हटलेलं नाही. पण क्रमिक पुस्तकातली गणितं ही चपलेच्या मापाचा पाय शोधून आणावा तशी निवडलेली असतात. वाय डॅश (वायचं डेरिव्हेटिव्ह) बरोबर एक्स वर्ग अधिक वाय वर्ग, एवढं साधं दिसणारं समीकरण घ्या. नेहमीची फलनं आणि त्यांची इंटिग्रल्स वापरून ते सुटूच शकत नाही, हे लिऊव्हिल या फ्रेंच गणितज्ञाने १८४१ मध्ये सिद्ध केलं. तुमच्या पाढ्यात ते कितव्या ओळीला येतं? मुंबईत १९०५-०६ साली प्लेगची साथ होती. त्यातल्या आठवड्यागणिक मृत्यूंचे आकडे घेऊन एडिंबराच्या करमॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी १९२७ मध्ये साथीची समीकरणं ताडून पाहिली. करमॅक तोवर प्रयोगशाळेतल्या अपघातात डोळे गमावून बसला होता. त्यांच्याही समीकरणाचं नेमकं उत्तर सूत्रात बसेना, म्हणून जवळपासचं काढलं, आणि त्याचा आलेख मुंबईच्या आकड्यांवर छान बसला. कोविडच्या काळात टीव्हीवर जे वक्र रोज दाखवत होते ते याच घराण्यातले. आपल्याच राज्यातली साथ, आपलीच माणसं मेलेली, आणि बी.एस्सी. गणिताच्या तीन वर्षांत माझ्या कानावर तिचा एक शब्द पडला नाही. याचा राग येऊ नये का?

बाकीच्या मुद्द्यांवर वेळ घालवत नाही. अभ्यासक्रम शिक्षक ठरवत नाहीत हे मलाही ठाऊक आहे. लेखात शिक्षकांना दोष दिलेला नाही, पुन्हा वाचा. लाप्लास आला नाही कारण लेख त्यावर नव्हता. 'पुण्यात असं शिकवत नाहीत' हे वाक्य कशासाठी होतं ते कळलं नाही. पुण्याची मुलंही हाच केस ऑफ फेल्युअर पाठ करतात, माझी भाची तिथेच शिकते.

तुमची दुसरी प्रतिक्रियाही मिळाली. ती प्रकाशित केलेली नाही आणि करणार नाही. माझ्याबद्दल काय लिहायचं ते लिहा, पण तिच्यात तुम्ही माझ्या क्लासमधल्या मुलींच्या इंग्रजीची टिंगल केली आहे. त्यातली एक वर्षभर कारखान्यातून थेट क्लासला येत होती. तिला विकल समीकरण मांडता येतं. तुम्हाला कदाचित सोडवता येत असेल.

पाइपच्या घर्षणाचा मुद्दा मूळ लेखात टीप म्हणून घालते आहे. श्रेय 'गणितप्रेमी' या टोपणनावाला दिलं आहे. खरं नाव कळवलंत तर ते घालीन.