लाल जर्सीचे बांधलेले हात

१३ सप्टेंबर २०२३ रोजी आंग्लिरूच्या चढावर जे घडले त्याचे चित्रण मी आजवर कितीतरी वेळा पाहिले आहे, आणि दर वेळी माझी नजर पुढे निघून गेलेल्या दोघांना सोडून मागे पडलेल्या तिसऱ्याकडे जाते. व्हुएल्टा या स्पेनच्या तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीचा तो सतरावा टप्पा होता. सेप कुसच्या अंगावर सर्वसाधारण क्रमवारीतल्या, म्हणजे सगळ्या टप्प्यांच्या एकूण वेळेच्या यादीतल्या, पहिल्या स्थानाची लाल जर्सी होती, आणि धुक्यात त्याच्यापासून दूर जाणारे प्रिमोझ रोग्लिच आणि योनास विंगेगार्ड हे दोघेही त्याच्याच जम्बो-व्हिस्मा संघाचे होते. त्या चढावर कुसला साथ मिळाली ती मिकेल लांदाची, म्हणजे प्रतिस्पर्धी संघातल्या सायकलपटूची, आणि तीही मैत्रीपोटी नव्हे. लांदा स्वतःच्या क्रमांकासाठी झटत होता आणि कुस वारा चुकवत त्याच्या चाकामागे तग धरून होता. अखेरच्या मीटरांत मात्र कुसने लांदाला मागे टाकून तिसरा क्रमांक घेतला.

हा तिसरा क्रमांक दिसायला किरकोळ आहे, पण त्याचा हिशेब मांडून पाहावा. सकाळी कुसकडे विंगेगार्डवर २९ सेकंदांची आघाडी होती. रस्त्यावर त्याने १९ सेकंद गमावले. टप्प्यातल्या पहिल्या तिघांच्या एकूण वेळेतून बोनस म्हणून काही सेकंद वजा होतात; दुसऱ्या आलेल्या विंगेगार्डला असे ६ सेकंद मिळाले, तिसऱ्या आलेल्या कुसला ४ मिळाले, आणि संध्याकाळी आघाडी उरली ८ सेकंदांची. म्हणजे उरलेल्या आघाडीतला निम्मा भाग त्या शेवटच्या झटापटीतून आलेला होता. तीन आठवड्यांच्या शर्यतीत पुढे असलेल्या माणसाला आपल्याच सहकाऱ्यांपासून आघाडी वाचवण्यासाठी शेवटच्या वळणावर चार सेकंद वेचावे लागले, याची मला आजही चीड येते.

त्या वेळी संघाची भूमिका साधारणपणे अशी होती की तिघेही जिंकू शकतात, तिघांनाही मोकळीक आहे, ज्याच्या पायांत जास्त बळ असेल तो जिंकेल. ऐकायला हे अत्यंत न्याय्य वाटते आणि अनेक जाणकारांनी तेव्हा त्याचे समर्थनही केले. माझा आक्षेप नेमका इथेच आहे. एकाच संघातल्या सायकलपटूंमध्ये ‘बलवान असेल तो जिंको’ हा नियम समान राहतच नाही, कारण जर्सी ज्याच्या अंगावर असते त्याचे हात बांधलेले असतात आणि हल्ला करणाऱ्याचे, म्हणजे अचानक वेग वाढवून निसटणाऱ्याचे, मोकळे असतात.

हे जरा उलगडून सांगायला हवे. सहकारी पुढे निसटला की आघाडीवरच्या माणसाने त्याचा पाठलाग करायचा नसतो, कारण त्याने जोर लावला तर त्याच्या चाकामागे बसलेले इतर संघांचे प्रतिस्पर्धी आयतेच पुढच्या माणसापर्यंत पोहोचतात आणि संघाचा टप्पा हातचा जातो. पाठलाग करावा तर संघद्रोह, न करावा तर जर्सी जाते. धरले तर चावते, सोडले तर पळते. परका प्रतिस्पर्धी निसटला असता तर हाच माणूस बिनधास्त पाठलाग करू शकला असता आणि त्याच्यासाठी दोन-तीन सहायकही पुढे येऊन राबले असते. म्हणून घरातला हल्ला हा बाहेरच्या हल्ल्यापेक्षा जास्त धोकादायक असतो, मग करणाऱ्याच्या मनात काही असो वा नसो.

या तर्काची दुसरी बाजू मी लपवणार नाही, कारण ती कुसच्या विरोधात जाते. त्याची आघाडी मुळात आली कुठून? सहाव्या टप्प्यात तो मुख्य घोळक्यातून पुढे निसटलेल्या मोठ्या गटात शिरला, जवळपास तीन मिनिटांची कमाई करून हावालांब्रेला टप्पा जिंकला, आणि मागे रोग्लिच आणि विंगेगार्ड यांनी त्याचा पाठलाग करण्याचा प्रश्नच नव्हता. त्या दिवशी हात त्यांचे बांधलेले होते. प्रमुख प्रतिस्पर्धी रेम्को एव्हेनपूलच्या संघाला पाठलागाचे ओझे उचलावे लागावे, हीच तर त्या चालीतली गंमत होती. तेव्हा रोग्लिचने मनाशी म्हटले असेल की माझ्या संयमावर उभी राहिलेली आघाडी मी परत मिळवली तर बिघडले कुठे, तर त्याला मी अप्पलपोटा म्हणणार नाही. तीन वेळा व्हुएल्टा जिंकलेला माणूस तिथे सहलीला आलेला नव्हता.

तरीही माझे मत कुसच्या बाजूने झुकते, आणि ते भावनेपोटी नाही. ती आघाडी संघाच्या चालीतून मिळालेली होती, म्हणून तिच्यावर पहिला हक्क संघाचा होता, आणि संघाने ती कोणत्या हेतूने वापरायची हे ठरवणे हे व्यवस्थापनाचे काम होते. ते काम त्यांनी टाळले. तूरमालेच्या तेराव्या टप्प्यात विंगेगार्ड, कुस आणि रोग्लिच याच क्रमाने पहिले तिघे आले आणि एव्हेनपूल त्याच दिवशी अर्ध्या तासाच्या आसपास मागे फेकला गेला, तेव्हाच शर्यत घरातली झाली हे कोणालाही दिसत होते. ११ सप्टेंबरला विश्रांतीचा दिवस होता. त्या दिवशी बंद खोलीत बसून ‘आता कुस’ किंवा ‘आता तिघे मोकळे, पण कुसही मोकळा’ असे काहीतरी स्पष्ट ठरायला हवे होते. दुसऱ्याच दिवशी बेखेसच्या छोट्या चढावर विंगेगार्ड निसटला आणि कुसची त्याच्यावरची १ मिनिट ४४ सेकंदांची आघाडी २९ वर आली.

अनुभवी वाचकांना इथे १९८६ चा टूर द फ्रान्स आठवलाच असेल. ला व्ही क्लेअर हा त्या काळचा सर्वांत तगडा संघ होता, आणि बेर्नार इनोने आदल्या वर्षी आपला पाचवा टूर जिंकताना संघातला सहकारी ग्रेग लेमंडला पुढच्या वर्षी मदत करण्याचा शब्द दिलेला होता. १९८५ मध्ये लुझ आर्दिदेनच्या वाटेवर लेमंड पुढे असताना त्याला जोर लावू दिला गेला नाही. अखेर तो १ मिनिट ४२ सेकंदांनी दुसरा राहिला. आता परतफेडीचे वर्ष होते, आणि इनोने काय केले, तर पो शहराच्या टप्प्यात पेद्रो देल्गादोबरोबर निसटून लेमंडवर पाच मिनिटांहून अधिक आघाडी घेतली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हल्ला चढवला. त्याचे स्पष्टीकरण असे की आपण प्रतिस्पर्ध्यांना दमवत होतो. यात खोटे काही नव्हते, कारण प्रतिस्पर्धी खरोखर दमत होते. फक्त लेमंडला त्या काळात स्वस्थ बसून राहावे लागत होते. दुसऱ्या हल्ल्यात इनो स्वतःच थकला आणि सुपरबान्येरला लेमंडने बहुतेक सगळा वेळ परत घेतला, हे त्याचे नशीब. पुढे आल्प द्युएझला दोघांनी हातात हात घालून रेषा ओलांडली, ते छायाचित्र जगभर गेले, आणि त्याच दिवशी इनोने शर्यत अजून संपलेली नाही असे सांगूनही टाकले! ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार मला नेहमी गमतीचा वाटत आला आहे. लेमंड अखेर ३ मिनिटे १० सेकंदांनी जिंकला.

आल्प द्युएझच्या आदल्या दिवशी, कोल द्यु ग्रानोनवर, लेमंडच्या अंगावर टूरमधल्या पहिल्या स्थानाची पिवळी जर्सी चढली होती. टूर त्या चढावर पुन्हा गेला तो थेट २०२२ मध्ये, आणि तिथे दोन म्होरके असलेल्या संघाने काय करता येते याचा वस्तुपाठ याच जम्बो-व्हिस्माने दिला. रोग्लिच आणि विंगेगार्ड यांनी गालिबिएच्या वाटेवर आळीपाळीने हल्ले केले, पिवळ्या जर्सीतल्या प्रतिस्पर्धी तादेय पोगाचारला प्रत्येक हल्ल्याला स्वतःच उत्तर द्यावे लागले, आणि ग्रानोनवर तो कोसळला. रोग्लिच आधीच्या एका टप्प्यात पडून वेळ गमावून बसला होता, तरी त्याला मोकळे सोडणे पोगाचारला परवडणारे नव्हते. दोन म्होरक्यांचे शस्त्र बाहेरच्या शत्रूवर चालते तेव्हा ते किती भेदक असते हे त्या दिवशी दिसले. तेच शस्त्र आंग्लिरूवर घरातच फिरले, कारण बाहेर मारण्याजोगे कोणी उरलेच नव्हते. चौथ्या क्रमांकाचा हुआन आयुसो शेवटी तीन मिनिटांहून जास्त मागे होता.

आंग्लिरूनंतर प्रेक्षकांनी गदारोळ केला आणि अठराव्या टप्प्यापासून संघाने कुसला राखायचे ठरवले. काहींच्या मते हा निर्णय जनमतापुढे झुकून घेतला गेला आणि त्यामुळे शर्यतीचे नाटक झाले. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मला विंगेगार्ड आणि कुस यांची शेवटच्या चढावर खुली लढत पाहायला आवडली असती, पण ती खुली असायला कुसलाही त्याच्यावर हल्ला करण्याची मुभा जाहीरपणे द्यावी लागली असती, आणि तशी मुभा मागणारा कुस हा माणूस नव्हता. रोग्लिचच्या चार आणि विंगेगार्डच्या दोन, अशा सहाही ग्रँड टूर (इटली, फ्रान्स आणि स्पेनच्या तीन मोठ्या शर्यती) विजयांत तो राबलेला होता, आणि त्या एका वर्षात तिन्ही ग्रँड टूर खेळत होता. इतकी वर्षे दुसऱ्यांसाठी वारा अंगावर घेणाऱ्याने जर्सी मिळाल्यावर अचानक दंड थोपटावेत, ही अपेक्षाच चुकीची होती.

१७ सप्टेंबरला माद्रिदमध्ये कुस पहिला, १७ सेकंदांनी विंगेगार्ड दुसरा आणि १ मिनिट ८ सेकंदांनी रोग्लिच तिसरा आला. एकाच वर्षात तिन्ही ग्रँड टूर जिंकणारा जम्बो-व्हिस्मा हा पहिला संघ ठरला, आणि व्यासपीठावर तिघेही हसत होते. हंगाम संपताच रोग्लिच संघ सोडून बोरा-हान्सग्रोहेकडे गेला. २०२४ च्या व्हुएल्टात गतविजेता म्हणून एक क्रमांकाचा बिल्ला कुसच्या पाठीवर होता, आणि लाल जर्सी चौथ्यांदा जिंकली ती रोग्लिचने, दुसऱ्या संघाचा एकमेव म्होरक्या म्हणून.