ओरडून, आदळआपट करून राग कमी होत नाही

एक मेसेज गेली कित्येक वर्षं रूप बदलून फिरतोय. त्याचा आशय असा: दाबलेला राग शरीरात साठत जातो आणि कुकरसारखा एक दिवस फुटतो. म्हणून उशीवर ठोसे मारा, दार लावून ओरडा, जवळच्या माणसापाशी सगळं पुन्हा पुन्हा बोलून मोकळे व्हा आणि ज्याचा राग आलाय त्याला तोंडावर सुनावून टाका. शेवटी हेही असतं की मनसोक्त भांडणारी जोडपीच टिकतात. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला असतो, हे मान्य. पण या सल्ल्याची झळ नेहमी घरातल्या माणसांना बसते, त्यामुळे एकेक मुद्दा तपासायलाच हवा.

आधी ‘साठतो’ हे. अडकलेल्या भावनेला वाट मिळाली की आजाराची लक्षणं जातात, असं ब्रॉयर आणि फ्रॉइड या डॉक्टरांनी १८९५ साली हिस्टेरियाच्या रुग्णांबद्दल लिहिताना मांडलं होतं. फ्रॉइड पुढे त्या पद्धतीपासून दूर गेले, पण कल्पना लोकांच्या मनात पक्की बसली. प्रत्यक्षात राग म्हणजे छातीतली धडधड, आवळलेला जबडा, तापलेले कान आणि त्याच वेळी डोक्यात चाललेलं ‘मला असं बोलायची हिंमतच कशी झाली?’ पेटलेलं शरीर आणि तो विचार, दोन्ही एकमेकांना धरून चालतात. त्यांना खतपाणी मिळालं नाही तर राग ओसरतो. कुठे साठून राहत नाही.

आता उशीवरचे ठोसे. मानसशास्त्रज्ञ ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली ६०० विद्यार्थ्यांवर केलेला प्रयोग फार बोलका आहे. प्रत्येकाने लिहिलेल्या निबंधावर मुद्दाम जहरी शेरे मारून त्यांना चिडवलं गेलं. मग काहींनी शेरे मारणाऱ्याचा चेहरा डोळ्यांसमोर आणून पंचिंग बॅगवर ठोसे मारले, काहींनी व्यायामाचा विचार करत मारले, आणि काही जण दोन मिनिटं नुसते बसून राहिले. सर्वांत जास्त चिडलेले निघाले ते चेहरा आठवून ठोसे मारणारे. पुढे समोरच्याला कर्कश आवाजाचा त्रास द्यायची संधी मिळाली तेव्हाही तेच सर्वांत आक्रमक होते. काहीच न करणारे सर्वांत कमी आक्रमक होते. त्याआधी, बुशमन आणि सहकाऱ्यांच्या १९९९ च्या प्रयोगांत, ‘राग बाहेर काढणं चांगलं’ असा मजकूर आधी वाचायला दिलेल्यांना बॅगवर ठोसे मारायची इच्छा जास्त झाली; आणि ठोसे मारूनही त्यांची आक्रमकता घटली नाही, वाढली. म्हणजे असा मेसेज पुढे पाठवणं तितकंसं निरुपद्रवी नाही.

२०२४ मध्ये १५४ अभ्यास आणि दहा हजारांहून जास्त माणसांची माहिती एकत्र तपासली गेली. शरीराला शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे संथ श्वास, ध्यान, स्नायू सैल सोडणं यांनी राग कमी झाला. शरीराला आणखी तापवणाऱ्या गोष्टींनी एकंदरीत फरक पडला नाही, आणि धावण्याने तर तो वाढण्याकडेच कल दिसला. धावणं तब्येतीला चांगलंच आहे, पण रागावर तो उतारा नव्हे.

‘बोलून मोकळे व्हा’ हा मुद्दा जास्त नाजूक आहे, कारण बोलण्याने खरंच बरं वाटतं. प्रश्न आहे कसं बोलतो याचा. एकच भांडण तिसऱ्या मैत्रिणीला फोनवर सांगताना ऐका: पहिल्या वेळी ‘तो चिडून बोलला’ असतं, तिसऱ्या वेळी ‘तो नेहमीच असा बोलतो’ होतं. भांडणात आपण स्वतः काय बोललो, ते तोवर गळून गेलेलं असतं. पलीकडून ‘बरोबर आहे तुझं’ येत राहतं आणि राग ताजा राहतो. १९७५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नोकरीवरून काढलेल्या इंजिनिअरांना कंपनीविरुद्ध भडास काढू दिली गेली; त्यानंतर कंपनीबद्दलचा त्यांचा रोष वाढलेला दिसला. मानसशास्त्रज्ञ अमँडा रोझ यांना २००२ मध्ये मुला-मुलींच्या मैत्रीत हेच दुहेरी चित्र दिसलं: एकाच दुःखाभोवती सतत घोळत राहणाऱ्यांची मैत्री घट्ट होती, पण उदासी आणि चिंताही जास्त होती. उलट पेनबेकर आणि बील या संशोधकांनी १९८६ मध्ये विद्यार्थ्यांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं मनावरच्या घावाबद्दल लिहायला लावलं. काय घडलं आणि काय वाटलं, दोन्ही लिहिणाऱ्यांच्या पुढच्या महिन्यांतल्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. लिहिताना गोष्ट उलगडत होती. फोनवर ती फक्त धारदार होत होती.

भांडणारी जोडपी टिकतात का? काही टिकतात. जोडप्यांच्या नात्यांचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ जॉन गॉटमन यांच्या निरीक्षणात मोठ्याने भांडणारी काही जोडपीही टिकून होती, पण त्यांच्या भांडणात एका कडू क्षणामागे पाचेक गोड क्षण होते. त्यांनी सर्वांत घातक म्हटलं ते तुच्छतेला: डोळे फिरवणं, नक्कल करणं, ‘तुला काय कळतंय’ हे. सुनावण्याच्या भरात नेमकं तेच तोंडातून निघतं.

मेसेजमधली एक गोष्ट खरी आहे. चेहरा कोरा ठेवून आतल्या आत कुढणं वाईटच. २००३ च्या एका अभ्यासात भावना लपवायला सांगितलेल्या बाईचा रक्तदाब वाढला आणि तिच्याशी बोलणाऱ्या बाईचाही वाढला. पण म्हणून राग गिळणं किंवा ओकणं हे दोनच मार्ग उरत नाहीत. नाडी शंभरच्या वर गेली की माणसाला समोरच्याचं धड ऐकून घेता येत नाही, असं गॉटमन सांगतात. ते निदान वीस मिनिटांची विश्रांती सुचवतात. त्या वेळात पुढचा टोला मनात घोळवला तर ती विश्रांती वाया जाते. न सांगता निघून गेलं तर समोरच्याला ते तोडून टाकल्यासारखं वाटतं. ‘मला आत्ता नीट बोलता येणार नाही, अर्ध्या तासाने बसू’ एवढं सांगावं आणि अर्ध्या तासाने खरंच बसावं. मग ‘तू नेहमीच’ने सुरुवात न करता काय खुपलं ते सांगावं.

जिथे मारहाण किंवा धमक्या आहेत, तिथे यातलं काहीही लागू नाही. तिथे बोलायचं कसं यापेक्षा आधी सुरक्षित जागा आणि मदत गाठायला हवी.