रिमवरचं तेल रॉकेलने निघतं, पण ब्रेक लागत नाही

‘सायकलच्या रिमला तेल लागून ब्रेक घसरतोय? रॉकेलचा बोळा फिरवा किंवा डब्ल्यूडी-४० स्प्रे मारा, रिम चकाचक!’ असा सल्ला सध्या फिरतोय. चकाचक होते हे खरं. ब्रेक मात्र लागत नाही.

रॉकेल ग्रीस विरघळवतं, पण स्वतः पूर्ण उडून जात नाही. मागे तेलकट थर राहतो. शिवाय टायरच्या रबराला ते मारक. डब्ल्यूडी-४० तर बनलंच ओल हटवायला आणि गंज रोखायला, तेही मागे तेलच सोडतं. साखळीसाठी ठीक, ब्रेक जिथे घासतो तिथे नको.

मग काय वापरायचं? केमिस्टकडे मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल. स्वच्छ सुती फडक्यावर घेऊन रिमच्या दोन्ही कडा पुसा आणि फडकं काळं व्हायचं थांबेपर्यंत घडी बदलत राहा. तेच फडकं उलटसुलट वापरलं तर तेल फक्त जागा बदलतं! अल्कोहोल नसेल तर भांड्यांचा लिक्विड साबण आणि कोमट पाणी चालेल. साबण नीट धुऊन रिम कोरडी करा.

सगळे विसरतात ते ब्रेकचे रबर. त्यांत मुरलेलं तेल पहिल्याच फेरीत रिमवर परत येतं. पॉलिश पेपरने वरचा थर घासा, मग पुसा. डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये तेल मुरलं असेल तर घासत बसू नका, सरळ नवे बसवा.