बेरियम नाही म्हणून मणी नकली? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. डोळ्यांसारखे ठिपके असलेल्या प्राचीन चिनी काचमण्यांवरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचे तीन आक्षेप आहेत. काचेत बेरियम हे मूलद्रव्य नसेल तर मणी नकली, असं मी सरसकट लिहिलं. पाण्यात तोलून मण्याची घनता काढायची परीक्षा भरवशाची नाही. आणि असे मणी जमवणं म्हणजे थडगी फोडणाऱ्यांना गिऱ्हाईक मिळवून देणं.

पहिला पूर्ण मान्य. चीनच्या हूबे प्रांतात सुइझोऊजवळ १९७८ साली झंग या प्राचीन राज्याचा अधिपती यी याची कबर उत्खनित झाली, इ.स.पू. ४३३च्या सुमाराची. तिच्यात असे १७३ मणी निघाले आणि त्यांची काच सोडा-चुन्याची, म्हणजे बेरियम नसलेली, चीनच्या पश्चिमेकडच्या देशांतल्या वळणाची. माझ्या निकषाने ते सगळे बाद झाले असते! शिसं-बेरियमची काच ही चिनी कारागिरांची खासियत. बेरियम सापडलं तर काचेचं मूळ चीनकडे बोट दाखवतं, नाही सापडलं तर काहीच ठरत नाही. काचेतल्या घटकांवरून वय तर कळतच नाही, कारण तसली काच आजही भट्टीत करता येते.

शिवाय यंत्राचा अहवालही डोळे मिटून घेऊ नका. क्ष-किरणांच्या तपासणीत बेरियमची एक रेषा ४.४७ केईव्हीला (किलोइलेक्ट्रॉन-व्होल्ट, ऊर्जेचं माप) येते आणि टायटॅनियमची ४.५१ला. मण्यावर माती चिकटलेली असेल तर मातीतलं टायटॅनियमच बेरियम म्हणून छापून येतं. म्हणून ३२.२ केईव्हीची रेषा दिसली का, ते विचारा. ती दिसायला यंत्रातली क्ष-किरणांची नळी ५० केव्हीवर (किलोव्होल्ट) चालवावी लागते.

तोलण्याबद्दल तुमचं अर्धं बरोबर आहे. शिशाने काच जड होते, तेच या परीक्षेत पाहतात. समजा मणी हवेत ९.३६ ग्रॅम, पाण्यात ६.६० भरला, म्हणजे घट २.७६ आणि हवेतल्या वजनाला घटीने भागून घनता ३.३९. साधी काच २.५च्या आसपास असते, पण आजची शिशाची क्रिस्टल काचही ३च्या घरात जाते. वेजात, म्हणजे दोऱ्याच्या भोकात, बुडबुडा अडकला की आकडा खोटा कमी येतो, म्हणून पाण्यात साबणाचा एक थेंब टाकायचा. एका ग्रॅमच्या मण्याला ०.०१ ग्रॅमची चूकही घनता ०.१ने हलवते. आणि आत भाजक्या मातीचा गाभा असेल तर मणी बुडवूच नका: गाभा पाणी पितो, वरचा थर सुटतो, आकडाही निरुपयोगी.

वय शोधायचं ते वेजात आणि डोळ्यांच्या कडांना, दहापट भिंगाखाली. काच सळईवर गुंडाळून केलेल्या मण्याच्या वेजात सळईवरच्या मातीच्या लेपाची भुकटी राहते. थंड काच गिरमिटाने भोकलेली असेल तर गोल गोल ओरखडे दिसतात. डोळा म्हणजे निळ्यावर पांढरा, त्यावर पुन्हा निळा असे ठिपक्यांचे थर. प्रत्येक रंगाची काच आपापल्या वेगाने झिजते, म्हणून खऱ्या मण्यात एक थर खोल गेलेला, दुसरा उभा राहिलेला असतो. कधी अख्खा डोळा गळून खोबण उरते. जुना भासवायला आम्लात बुडवलेल्या मण्यावर मात्र सगळीकडे सारखाच मंदपणा. चिनी लोक यांना चतुराचे डोळे म्हणतात, ते नाव अशा झिजलेल्या मण्याकडे पाहिलं की पटतं.

तिसरा आक्षेपही मला मान्य आहे. चीनमधल्या लोयांगजवळच्या जिनत्सुन गावाची थडगी १९२०च्या दशकाच्या अखेरीस लुटली गेली, आणि तिथले म्हणून विकले गेलेले मणी नेमके कुठल्या कबरीतले, ही माहिती कायमची गेली. अमेरिकेने २००९पासून अशा वस्तूंच्या आयातीवर निर्बंध घातले आहेत. जुन्या संग्रहाचं, लिलावाच्या छापील यादीचं, तारखेसह कागदपत्र नसेल तर मणी घेऊ नये. ‘आजोबांच्या पेटीतला’ हे विक्रेत्याचं तोंडी वाक्य कागदपत्रात धरत नाहीत. मूळ लेखातलं बेरियमचं वाक्य दुरुस्त केलं आहे.