मुखवटा एकाचा, आवाज दुसऱ्याचा: कॅप्टन मार्व्हलवरून कट्ट्यावर पेटलेलं भांडण

मन्याचं म्हणणं एकच होतं, ही सरळ चीटिंग आहे. विषय होता रिपब्लिक कंपनीची १९४१ ची 'अॅडव्हेंचर्स ऑफ कॅप्टन मार्व्हल', बारा भागांची ब्लॅक अँड व्हाइट सिरियल, म्हणजे टीव्हीवरची नाही, अमेरिकेत थेटरात आठवड्याला एक भाग दाखवायचे आणि प्रत्येक भाग कोणीतरी मरायच्या बेतात असताना तोडायचे ती. (शेवट न सांगता हे भांडण लिहिता येणार नाही, बघायची असेल तर आधी बघून या.)

गोष्ट अशी. सयाममधल्या, म्हणजे आताच्या थायलंडमधल्या, एका प्राचीन थडग्यात अमेरिकन प्रोफेसरांच्या टोळीला सोन्याचा विंचू सापडतो, त्याच्या नांग्यांमध्ये भिंगं आहेत आणि ती नीट जुळवली की दगडाचं सोनं होतं किंवा समोरचं सगळं जळून खाक होतं. एकाच्याच हातात एवढी ताकद नको म्हणून भिंगं आपापसात वाटून घेतात. मग डोक्यावरून बुरखा ओढलेला 'स्कॉर्पियन' उगवतो आणि एकेकाला गाठून भिंगं गोळा करायला लागतो, आणि लवकरच आपल्याला कळतं की हा त्या प्रोफेसरांपैकीच कोणीतरी आहे. पुढे प्रोफेसर मरत जातात तशी संशयितांची यादी आखडत जाते. त्याला भिडतो कॅप्टन मार्व्हल, म्हणजे टोळीबरोबरचा बिली बॅटसन नावाचा पोरगा, 'शझाम' म्हटलं की तो कॅप्टन मार्व्हल होतो.

"तेच ना," मन्या म्हणाला, "बारा आठवडे पोरं कान देऊन ऐकतायत की हा आवाज कोणाचा, आणि शेवटी बुरखा काढला तर आत प्रोफेसर बेंटली, म्हणजे हॅरी वर्थ नावाचा नट, पण बुरख्यातला आवाज जेराल्ड मोरचा! त्याचं तर श्रेयनामावलीत नावसुद्धा नाही. मग ओळखायचं कसं?"

बापूकाकांना हे पटेना. ते म्हणाले, अरे मूकपटाच्या काळात हा प्रश्नच नव्हता, १९१४ च्या 'एक्स्प्लॉइट्स ऑफ इलेन'मध्ये 'क्लचिंग हँड' नावाचा असाच तोंड झाकलेला बदमाश होता, शेल्डन लुईसने तो बदमाश पण केला आणि इलेनचा वकील पण केला, तोंड झाकलं की काम झालं. बोलपट आल्यावर आवाजावरून चोर पकडला जाणार, मग कंपनी काय करणार? आवाज बदलायचा कसा हे पोरांना सांगत बसणार का?

मला काकांचा मुद्दा कळतो, पण मी मन्याच्याच बाजूचा. कारण ही सिरियल बाकी इतकी प्रामाणिक आहे की ती एक खोट डोळ्यात खुपते. त्या काळच्या कितीतरी सिरियलींमध्ये गाडी कड्यावरून कोसळताना दाखवायची आणि पुढच्या भागात तीच गाडी दाखवून हिरो आधीच उडी मारून बाहेर पडला असं दाखवायचं, म्हणजे मागच्या आठवड्यात जे बघितलं ते खोटंच. इथे बघा, दुसऱ्या भागाच्या शेवटी बेशुद्ध कॅप्टन मार्व्हल सरकत्या पट्ट्यावरून गिलोटीनखाली जातो आणि तिसऱ्या भागात ते पातं खरोखर त्याच्या मानेवर पडून मोडतं, काही बदललेलं नाही. विल्यम विटनी आणि जॉन इंग्लिश हे दोघं दिग्दर्शक दिवसाआड शूटिंग करायचे, एक शूट करतोय तोवर दुसरा पुढच्या दिवसाची तयारी करतोय. विटनीने मारामारी पण हॉलिवूडचा नृत्यदिग्दर्शक बझबी बर्कलीचे नाच कसे तुकड्यातुकड्यात शूट होतात ते बघून बसवायला घेतली, आणि उडणं तर काय सांगू, स्पेशल इफेक्टवाल्या लायडेकर बंधूंनी कागदाच्या लगद्याचा पुतळा तारेवरून सोडला आणि झेप घ्यायची असली की डेव्हिड शार्प नावाचा स्टंटमन खरी उडी मारायचा, आजही बघताना तो जोड सापडत नाही. इतकी मेहनत घेणाऱ्या लोकांनी आवाजाला मात्र शॉर्टकट मारावा?

प्राची इतका वेळ गप्प होती, मग म्हणाली, "तुम्ही आवाजावर अडकलायत, पण ते सोनं कोणाचं हे कोणी विचारतच नाहीये. थडगं सयामचं, विंचू सयामचा, आणि भिंगं वाटून घेणारे हे कोण? शिवाय पहिल्याच भागात तुमचा हिरो पळणाऱ्या तिथल्याच स्थानिक लोकांवर मागून मशिनगन चालवतो."

मशिनगनचं खरंच आहे, ते बघवत नाही आणि मी त्याची बाजू घेणार नाही. पण सोन्याबद्दल सिरियलने स्वतःच उत्तर दिलंय असं मला वाटतं. बिली बॅटसन या पोराला शक्ती मिळते ती का, तर बाकीचे बंदी असलेल्या दालनात घुसले आणि तो एकटा बाहेर थांबला म्हणून. ती शक्ती देणारा म्हातारा जादूगार शझाम त्याला तेच सांगतो. म्हणजे शाप आहे तो आत गेलेल्यांवर. आणि ताल चोताली नावाचा जो सयामी माणूस टोळीबरोबर असतो त्याच्यावर अख्खी सिरियल संशय ढकलत राहते, त्या वेळच्या अमेरिकन प्रेक्षकाला तो परका चेहरा बघून हाच तो असं वाटावं म्हणून, आणि निघतो कोण, तर सुटाबुटातला प्रोफेसर! म्हणूनच आवाजाची चीटिंग मला जास्त लागते. ज्या सभ्य आवाजावर आपण बारा भाग विश्वास ठेवला तोच बुरख्याआडून ऐकू यायला हवा होता, मग त्या उघडं पडण्याला खरी धार आली असती. आता काय होतं, बेंटली निघाला काय आणि दुसरा प्रोफेसर फिशर निघाला असता काय.

काका म्हणाले मुखवट्याचं एवढं काय, आपल्याकडे परळच्या वाडिया मूव्हिटोनने १९३५ मध्येच 'हंटरवाली'त नादियाला मुखवटा घातला होता. पण काका, तिथे मुखवट्यातली राजकन्या कोण हे प्रेक्षकाला माहीत असतं, फक्त गोष्टीतल्या लोकांना नाही, ती मजाच वेगळी.

मन्याने शेवटचं दृश्य काढलं. स्कॉर्पियनला कॅप्टन मार्व्हल व्हायचं गुपित हवंय म्हणून तो बिलीच्या तोंडातला बोळा स्वतःच काढतो, आणि बिली म्हणतो शझाम, झालं! मग बेंटली उघडा पडतो, विंचू वितळलेल्या लाव्ह्यात जातो आणि बिलीची शक्ती पण जाते. प्राचीला हे मान्य नाही, तिच्या मते ती वस्तू तिथल्या लोकांना परत द्यायला हवी होती. मी म्हटलं, असली जाळणारी वस्तू कोणाच्याच हातात नको. त्यावर ती म्हणाली, "मग रहमान बारचं काय?"

आणि हे आम्ही सगळेच विसरलो होतो. रहमान बार तिथलाच माणूस, स्कॉर्पियनला देव समजून त्याच्यासाठी राबणारा, आणि बुरख्याआड साधा माणूस आहे हे दिसल्यावर तोच त्या विंचवाच्या किरणाने बेंटलीला संपवतो. कॅप्टन मार्व्हल नाही मारत. प्राचीचं म्हणणं, ज्याच्या देवाची नक्कल केली त्यानेच न्याय केला, मग वस्तूचं काय करायचं ते पण त्यानेच ठरवायला हवं होतं. मन्या अजून आवाजावरच अडून आहे.